दाद न देणारं डिप्रेशन : तपासणी

उपचारांना दाद न देणारं डिप्रेशन, डॉक्टरांच्या बोलण्यात नुसतं टीआरडी, म्हणजे योग्य डोसमध्ये पुरेसे दिवस औषधं घेऊनही न हटणारं नैराश्य. ते खरंच तसं आहे का हे ठरवायला रक्ताची एखादी टेस्ट नाही की स्कॅन नाही, सगळा भर आजवर झालेल्या उपचारांचा हिशोब मांडण्यावर असतो आणि हा हिशोब बहुतेक वेळा अर्धवटच हाती येतो. छापील मराठीत 'उपचार-प्रतिरोधी' असा शब्द दिसतो, पण त्यात पेशंटच अडून बसलाय असा वास येतो, त्यापेक्षा 'दाद न देणारं' बरं.

संज्ञा कधीची यावर एकमत नाही. इमिप्रामिन या नैराश्यावरच्या सुरुवातीच्या औषधाचा गुण स्विस मानसोपचारतज्ज्ञ रोलांड कून यांनी १९५७ मध्ये मांडला, ते सगळ्यांना लागू पडत नाही हेही लवकरच लक्षात आलं, पण वेगळा गट म्हणून हे नाव साधारण १९७० च्या दशकात रुळलं असावं. खरा वाद मात्र 'किती औषधं फसली की दाद देत नाही म्हणायचं' याचा. सध्या दोन हा आकडा चालतो, प्रत्येक औषध योग्य डोसला निदान ६ ते ८ आठवडे. दोन्ही औषधं एकाच गटातली, म्हणजे एकाच पद्धतीने काम करणारी, चालतात का? युरोपच्या औषध नियामकाला चालतात, थेस आणि रश या संशोधकांनी १९९७ मध्ये मांडलेल्या पाच पायऱ्यांत मात्र दुसऱ्या पायरीला गट बदलावा लागतो, तिसरीला ट्रायसायक्लिक (इमिप्रामिनचा जुना गट), चौथीला एमएओआय (आणखी एक जुना गट) आणि पाचवीला ईसीटी, म्हणजे विजेचे शॉक, फसलेली लागते. ही उतरंड वाचायला छान आहे पण ट्रायसायक्लिकपेक्षा एमएओआय वरचढ असं तिनं गृहीत धरलंय, ज्याला पुरेसा आधार नाही, शिवाय एमएओआय आता क्वचितच कोणी लिहून देतं, म्हणजे चौथी पायरी जवळपास रिकामीच. चालू औषधाला लिथियमची जोड देऊन पाहिली असेल तर तिची नोंद कुठे करायची हेही यात नाही. लंडनची मॉड्स्ली ही गुण देण्याची पद्धत (२००९) त्यामानाने व्यवहाराला धरून आहे : आजाराचा कालावधी, तीव्रता, फसलेल्या औषधांची संख्या, जोडऔषध आणि ईसीटी मिळून ३ ते १५ गुण.

दोनच का, याला बरेचदा स्टार-डी या अमेरिकन अभ्यासाचा आधार देतात. ४,०४१ जण घेतले होते, एका टप्प्यात गुण आला नाही तर पुढच्या टप्प्यात उपचार बदलायचे, २००६ मध्ये निष्कर्ष आले, पहिल्या टप्प्यात ३६.८ टक्के लक्षणमुक्त झाले, दुसऱ्यात ३०.६ आणि तिसऱ्यात एकदम १३.७, म्हणजे दोन औषधांनंतर यशाचं प्रमाण घसरतं. चारही टप्पे मिळून ६७ टक्के असा आकडा वर्षानुवर्षं सांगितला गेला, २०२३ मध्ये मूळ डेटा पुन्हा तपासणाऱ्यांनी तो ३५ च्या आसपास आणला. वाद संपलेला नाही, पण ६७ हा आकडा जपूनच वापरावा.

तीव्रता मोजायला हॅमिल्टन (१९६०) किंवा माँटगोमेरी-आसबर्ग (१९७९) स्केल वापरतात. गुण निम्म्याने उतरले तर प्रतिसाद, हॅमिल्टनवर ७ किंवा कमी आले तर लक्षणमुक्ती. प्रतिसाद आला म्हणजे माणूस बरा झाला असं नाही, हे नातेवाइकांना समजावताना डॉक्टरांची दमछाक होते.

सगळ्यात वेळखाऊ भाग म्हणजे खोटा प्रतिरोध, म्हणजे औषध नीट घेतलंच गेलं नाही किंवा निदानच चुकलं असे पेशंट, वेगळा काढणं. मुंबईत केईएम, नायर, सायन, जेजे इथल्या मानसोपचार ओपीडीत पेशंट येतो तो फाइलपेक्षा पिशवी घेऊन, पिशवीत तीन-चार दवाखान्यांच्या चिठ्ठ्या आणि अर्ध्या वापरलेल्या स्ट्रिप्स. उदाहरण म्हणून अशी पिशवी धरू : एस्सिटालोप्रॅम या नैराश्यावरच्या औषधाच्या, १० मिलिग्रॅमच्या १० गोळ्यांच्या तीन स्ट्रिप्स, चिठ्ठी दोन महिन्यांपूर्वीची आणि तिसऱ्या स्ट्रिपमध्ये अजून ४ गोळ्या शिल्लक. म्हणजे साठ दिवसांत २६. विचारलं की कळतं, सकाळी गोळी घेतली की लोकलमध्ये गरगरायचं म्हणून एक दिवसाआड चालू होतं, आणि घरात 'सवय लागेल' असंही कोणीतरी म्हणालं होतं. दुसरी चिठ्ठी अमिट्रिप्टिलीन या ट्रायसायक्लिकची, १० मिलिग्रॅमची, तीही डोकेदुखीवर लिहिलेली, डिप्रेशनला डोस बराच जास्त लागतो. पेशंट प्रामाणिकपणे 'दोन औषधं झाली' सांगतो, हिशोबात एकही धरता येत नाही.

मग निदानच चुकलंय का ते बघायचं. 'कधी झोप न होताही एकदम उत्साह, खर्च, बडबड असं झालं होतं का' हा प्रश्न पेशंटपेक्षा त्याच्या बायकोला, आईला विचारलेला बरा, कारण ते दिवस पेशंटला चांगलेच वाटलेले असतात आणि बायपोलर, म्हणजे नैराश्य आणि अति उत्साह आलटून पालटून येणारा आजार, तिथेच निसटतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२ तपासतात, दारू विचारतात, बीपी वगैरेची दुसरी औषधंही बघतात. आपल्याकडे बरेच जण उदास वाटतं असं म्हणतच नाहीत, अंग दुखतं, छातीत धडधडतं, डोकं जड असतं असं सांगतात, त्यामुळे आधीची दोन वर्षं फिजिशियनकडे गेलेली असू शकतात आणि मॉड्स्लीतला कालावधी मोजताना ती धरावी लागतात. घरची चणचण, नोकरी, मारहाण यांना या स्केलांत जागा नाही. म्हणून अलीकडे काही जण 'बरं करायला अवघड डिप्रेशन' असं सैल नाव सुचवतात.

आधी ईसीटी झाली असेल तर ती किती, एका बाजूने की दोन्ही, हे लिहून घ्यावं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध न देता ईसीटी करायला बंदी आहे, अल्पवयीनांना तर पालकांची संमती आणि याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य बोर्डाची परवानगी दोन्ही लागतात. साधारण ६ ते १२ वेळांचा कोर्स असतो, दोन-तीन शॉकनंतर घरच्यांनी डिस्चार्ज घेतला असेल तर तो फसलेला उपचार धरत नाहीत, केसपेपरवर 'अपूर्ण' असं लिहितात.