दोर ओढायला मोटर, पण सोडायला?

शिडाच्या पुढच्या कडेजवळ, दोन्ही अंगांना, लोकरीचे वीतभर धागे चिकटवलेले असतात. छोटी शिडाची बोट चालवणारा लाटांपेक्षा या धाग्यांकडेच जास्त बघतो. दोन्ही धागे सरळ मागे वाहत असले की शीड बरोबर बसलंय. वाऱ्याकडचा धागा नाचू लागला तर ते सैल आहे, पलीकडचा फडफडून खाली पडला तर फार ताणलंय. मग शिडाला बांधलेला दोर चार बोटं ओढायचा किंवा सोडायचा. दिवसभर हेच चालतं.

हातात जोर नसलेल्यांसाठी काही बोटींवर हे काम बॅटरीवरच्या मोटरला देतात. एवढ्याशा कामाला मोटर कशाला? वाऱ्याचा रेटा त्याच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो म्हणून. 7 चौरस मीटरच्या शिडावर ताशी 30 किलोमीटरचा वारा साधारण 35 किलो वजनाइतका जोर लावतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, म्हणजे 140 किलोच्या घरात. (तेवढ्या वाऱ्यात पूर्ण शीड कुणी शहाणा उघडं ठेवत नाही, ते सोडा.) सगळा भार दोरावर येत नाही, आणि जो येतो तो कप्प्या हलका करतात. पण चार पदरी कप्प्यांनी जोर पाव लागला तर दोर चौपट ओढावा लागतो. कमजोर हातांना हा हिशेब दोन्हीकडून महागच पडतो.

मोटरला मात्र हे काम किरकोळ आहे. 20 किलोची ओढ सेकंदाला 10 सेंटिमीटर या वेगाने घ्यायची तर लागतात जेमतेम 20 वॅट. गिअर आणि घर्षणात तेवढेच गेले असं धरलं तरी 40, म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीतून साडेतीन अँपियरच्या आसपास. बटण दाबा, जॉयस्टिक ढकला, नाहीतर नळीत नुसती फुंकर मारा. ब्रिटिश नाविक हिलरी लिस्टर यांचं मानेखालचं शरीर लुळं पडलेलं होतं. नळ्यांतून श्वास ओढून आणि फुंकून सुकाणू आणि शिडं हलवत त्यांनी 2009 मध्ये एकटीने ब्रिटनची सागरी प्रदक्षिणा पुरी केली.

तेव्हा ताकदीचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. अवघड आहे ते सोडणं. वाऱ्याचा झोत आला की हातातला दोर आधी जड होतो, बोट कलायच्याही आधी कळतं. मूठ सैल केली की दोर सर्रकन निसटतो, शीड वारा टाकून देतं आणि बोट सावरते. मोटरच्या ड्रमवर, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या रिळावर, तो पक्का बांधलेला असला तर हे होत नाही. दोराच्या ओढीने गिअर उलटा फिरत नाही, मोटरनेच फिरवावा लागतो, त्यामुळे दोन मीटर दोर त्याच सेकंदाला 10 सेंटिमीटरच्या चालीने सोडायला 20 सेकंद जातात. झोत तेवढा वेळ थांबत नाही. वर ही मोटर मुकी. दोरावर किती ताण आहे हे तिच्या आवाजावरून जेवढं समजेल तेवढंच. दोर सैल पडून ड्रमवर गुंता झाला तरी ती आपली ओढतच राहते. शेवटच्या टोकाला तिला थांबवणारा स्विच नसला तर काहीतरी तुटतं.

म्हणून अशा काही छोट्या बोटींना तळाशी जड कील, म्हणजे पाण्यात खाली उतरणारं वजनदार पातं, लावतात, बोट कलली तरी उलटू नये म्हणून. ते वजन मिरवताना वेग थोडा जातो, जाऊ दे. मला विचाराल तर मोटरवर शीड चालवताना वाऱ्याकडचा धागा किंचित नाचताच ठेवावा. झोत आलाच तर दोराची पहिली दोन बोटं आधीच सोडलेली असतात.