घरगुती कंपोस्ट आणि परसबाग

ओला कचरा घरीच कुजवून त्याचे खत करणे आणि त्या खतावर अंगणात, गच्चीत किंवा कुंड्यांत भाजीपाला पिकवणे, ही घराचा पर्यावरणावरील भार कमी करणारी जोडपद्धत आहे. दोन्ही कामांची नावे एका दमात घेतली जातात, पण त्यांचा लाभ सारखा नाही. कचरा नीट कुजवण्याचा फायदा बराचसा खात्रीचा असतो; भाजीचा फायदा ती कशी पिकवली यावर ठरतो.

कचराभूमीत दडपलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही आणि त्यातून मिथेन तयार होतो. १०० वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेनची तापवण्याची क्षमता सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी असते. हवा खेळत्या ढिगातून मात्र प्रामुख्याने वनस्पतींनी अलीकडेच हवेतून घेतलेला कार्बन डायऑक्साइडच परत जातो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानुसार २०२२ मध्ये जगात १.०५ अब्ज टन अन्न (साली-बियांसह) वाया गेले. त्यातले ६० टक्के घरांमधले होते. खाण्याजोगे अन्न मुळात टाकूच नये, कारण ते पिकवायला लागलेले पाणी आणि इंधन खतातून परत मिळत नाही.

कुजण्याची क्रिया चांगली चालण्यासाठी कार्बन व नायट्रोजनचे प्रमाण साधारण २५ ते ३० : १ आणि ओलावा ५० ते ६० टक्के लागतो. भाजीचे देठ, साली, चहाचा चोथा यांतून नायट्रोजन मिळतो. पालापाचोळा, लाकडाचा भुसा, फाडलेला पुठ्ठा यांतून कार्बन. घरी मोजमाप कोणी करत नाही, नाकच पुरते. अमोनियाचा उग्र दर्प आला तर सुके कमी पडले. सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी आली तर हवा कोंडली, ढीग वरखाली करावा. तयार खताला मातीचा वास येतो, तो ॲक्टिनोमायसीट जिवाणूंच्या जिओस्मिन या द्रव्याचा. मोठा ढीग ५५ अंश सेल्सियसच्या वर तापतो आणि त्यात बरेच रोगजंतू व तणांचे बी मरते. छोट्या डब्यात तेवढी उष्णता साचत नाही, म्हणून रोगट झाडे आणि पाळीव प्राण्यांची विष्ठा त्यात घालू नये.

बागेबाबत उत्साहाला थोडा आवर हवा. अन्नसाखळीच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा ६ टक्क्यांच्या आसपासच आहे, त्यामुळे केवळ ‘दारातली भाजी’ म्हणून फार वाचत नाही. शहरी शेतीच्या ७३ ठिकाणांच्या २०२४ मधील अभ्यासात तिथल्या उत्पादनाचे कार्बन उत्सर्जन नेहमीच्या शेतीच्या सरासरी सहापट निघाले. त्यात मोठा भाग वाफे, पायवाटा, शेड अशा बांधकाम-साहित्याचा होता. एरवी तापवलेल्या हरितगृहातून येणारे टोमॅटो किंवा विमानाने येणारी नाजूक भाजी मोकळ्या मातीत पिकवली तर मात्र बाग सरस ठरते. जुने डबे, फळ्या वापरणे, पीट (दलदलीतून खणून काढलेला, कुंड्यांत भरला जाणारा अर्धवट कुजलेला पालापाचोळा) टाळून स्वतःचे कंपोस्ट घालणे आणि बांधलेला वाफा मोडू न देणे यांनी फरक पडतो: ५ वर्षे वापरलेल्या वाफ्याचा भार २० वर्षे वापरलेल्याच्या जवळपास चौपट असतो.