नोटेचं जलचिन्ह आणि वेबसाइटचं गाव

माझे मामा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. नाशिकरोडला 'प्रेस' म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या डोक्यात येत नाही. एक इंडिया सिक्युरिटी प्रेस, १९२५ची, टपाल तिकिटं आणि पासपोर्ट छापणारी. दुसरी करन्सी नोट प्रेस, १९२८पासून नोटा छापणारी. मामा दुसरीतले. पाचशेची नोट हातात आली की ते आधी अंगठा फिरवतात. उठावाची छपाई लागली पाहिजे, दोन्ही कडांच्या पाच-पाच तिरप्या रेघा लागल्या पाहिजेत. मग नोट कलती करून हिरवा धागा निळा होतो का ते बघतात आणि शेवटी उजेडात धरून जलचिन्ह. सगळं मिळून तीन सेकंद.

असा माणूस गेल्या वर्षी मोबाइलवरच्या एका पानाला फसता फसता राहिला. 'बिल थकलं आहे, रात्री साडेनऊला वीज तोडणार' असा मेसेज, खाली लिंक. लिंक उघडली तर तोच लोगो, तोच रंग, ग्राहक क्रमांकाची तीच चौकट. कार्डाचे आकडे भरून झाले होते. तेवढ्यात मामी म्हणाल्या, "अहो, बिल तर सोमवारीच भरलं ना?" मामांचं अजून तेच पालुपद आहे, "अरे, हुबेहूब होतं रे."

हुबेहूब होतं, यात नवल काहीच नाही. नोटेची नक्कल अवघड असते, कारण ती वस्तू आहे. कापसाच्या तंतूंचा कागद, कागद बनतानाच त्यात उमटवलेलं जलचिन्ह, उठावाच्या छपाईची अवजड यंत्रं; यातलं एकेक जमवायला पैसा आणि कसब लागतं. वेबपेज म्हणजे नुसते आकडे. आपण एखादं पान उघडतो तेव्हा त्याचा मजकूर, चित्रं, रंग, सगळ्याची एक प्रत आपल्या फोनवर येते, तेव्हाच ते दिसतं. म्हणजे प्रत तर सगळ्यांच्याच हातात असते. ती उचलून दुसरीकडे तसंच पान उभं करायला एक दुपार पुरते. आकड्यांच्या नकलेत शाई फिकी पडत नाही की रेघ हलत नाही. मामांनी चाळीस वर्षं कमावलेली नजर इथे चालत नाही ती यामुळे. स्क्रीनवर 'अगदी तसंच दिसतंय' याला पुरावा म्हणून काडीचीही किंमत नाही.

मग बघायचं काय? वरची पत्त्याची ओळ. आणि ती वाचायची शेपटीकडून.

इंटरनेटवरच्या नावांची आजची पद्धत पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३मध्ये आखली. तिची रचना आपल्या टपालाच्या पत्त्यासारखीच आहे: आधी लहान, मग मोठं. घर, गल्ली, पंचवटी, नाशिक. पत्र कुठे जाणार हे शेवटचा शब्द ठरवतो. समजा लिंक अशी आहे: 'माझीबँक डॉट कॉम डॉट केवायसी-तातडी डॉट इन'. डावीकडून वाचणाऱ्याला बँक भेटली आणि तो निर्धास्त झाला. पण इथलं गाव आहे 'केवायसी-तातडी डॉट इन'. ते ज्याने विकत घेतलं, त्याला त्याच्यापुढे डावीकडे काय वाटेल ते लिहायची मुभा असते. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

मामांना हे मिसळीवरून पटलं. 'नाशिकची प्रसिद्ध मिसळ' अशी पाटी पनवेललाही लागते. पाटीवर नाशिक लिहिलं म्हणून पनवेलचं नाशिक होत नाही. (तिथली मिसळ कशी असते यावर मामांची स्वतंत्र मतं आहेत, ती इथे नकोत.)

तर रीत अशी: पत्त्यातली पहिली एकेरी तिरकी रेघ शोधायची. सुरुवातीची जोडरेघ सोडून द्यायची. त्या रेघेनंतरचं सगळं गल्लीबोळ. रेघेच्या लगेच डावीकडची शेपटी आणि तिच्या आधीचा एक शब्द, हे गाव. शेपटी कधी 'डॉट कॉम' असते, कधी 'डॉट को डॉट इन' अशी दुहेरी. काही शेपट्या मात्र ज्याला-त्याला मिळत नाहीत. 'डॉट गव्ह डॉट इन' सरकारी खात्यांसाठी राखीव आहे. आणि रिझर्व्ह बँकेने २०२५मध्ये बँकांना हुकूम काढला की ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत आपापल्या वेबसाइट 'डॉट बँक डॉट इन'वर आणा. ही नावं हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्थाच देते आणि फक्त बँकांना देते. माझ्या मते सामान्य माणसाच्या सोयीचं एवढं चांगलं पाऊल बऱ्याच दिवसांत पडलं नव्हतं. त्याचा गाजावाजा मात्र फारसा झाला नाही.

डोळ्यांना चकवणारे प्रकार तरीही उरतात. इंग्रजी आर आणि एन खेटून बसले की लहान पडद्यावर एम दिसतो. रशियन लिपीतला 'а' आणि इंग्रजीतला 'ए' यांचं रूप एकच, कॉम्प्युटरच्या लेखी मात्र ती दोन वेगळी अक्षरं.

"पण कुलूप होतं ना तिथे," हा मामांचा पुढचा मुद्दा. पत्त्याशेजारच्या त्या कुलपावर भल्याभल्यांचा विश्वास असतो. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या फोनपासून त्या वेबसाइटपर्यंतचा मजकूर वाटेत कुणी वाचू शकत नाही. टोकाला बसलेला कोण आहे, सज्जन की भामटा, याबद्दल ते काही बोलत नाही. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था २०१५पासून फुकट देते, भामट्यालाही मिळतं. लोक चुकीचा अर्थ काढतात हे लक्षात आल्यावर गुगलने २०२३मध्ये क्रोममधून ते कुलूप काढूनच टाकलं. मामांच्या शेजारच्या प्रेसच्या भाषेत सांगायचं तर पाकिटावरचं तिकीट अस्सल असलं म्हणून आतलं पत्र खरं ठरत नाही.

शेपटीकडून वाचायची सवय फाइलींनाही लागू पडते. व्हॉट्सअॅपवर लग्नाची पत्रिका आली आणि नावाच्या शेवटी 'डॉट एपीके' असेल, तर ती पत्रिका नव्हे. तो फोनमध्ये बसू पाहणारा प्रोग्राम आहे. वाहतूक दंडाच्या चलनाच्या नावानेही हेच पाठवतात. एकदा बसला आणि परवानग्या मिळाल्या, की येणारे मेसेज तो परस्पर वाचतो, ओटीपीसकट. विंडोज कॉम्प्युटरवर आणखी एक अडचण आहे: ओळखीच्या फाइलींची शेपटी विंडोज आपण होऊन लपवते. 'पत्रिका डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' ही फाइल दिसते नुसती 'पत्रिका डॉट पीडीएफ'. हा सोयीचा नमुना कुणाच्या सुपीक डोक्यातून आला कोण जाणे. विंडोज ११मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडून 'व्ह्यू', मग 'शो', मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिचकी मारली की शेपट्या दिसायला लागतात. नवा कॉम्प्युटर घरी आला की मी वॉलपेपर बदलायच्या आधी हे करतो.

आता जिथे माणसाची नजर चुकते, तिथे कॉम्प्युटरलाच बघायला लावता येतं. ब्राउझर 'पासवर्ड जतन करू का' असं विचारतो, त्याला आपण घाबरून 'नको' म्हणतो. खरं तर घरच्या, स्वतःच्या फोनवर 'हो' म्हणण्यात एक मोठा फायदा आहे. जतन केलेला पासवर्ड ब्राउझर त्याच गावाच्या पत्त्यावर भरतो. लोगो आणि रंग तो बघतच नाही, त्यामुळे हुबेहूब पानाला भुलत नाही. रोज आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या दिवशी भरला गेला नाही, तर हात आवरायचा आणि पत्ता वाचायचा. सायबर कॅफेत मात्र काहीही जतन करू नये.

ओटीपीचं तसं नाही. सहा आकडी ओटीपी म्हणजे दहा लाख शक्यता, आणि चुकायला दोन-चारच संधी. अंदाजाने तो लागत नाही. म्हणून चोर तो शोधत बसत नाही, आपल्याकडे मागतो. चार आकडी पिन त्यामानाने लंगडी: शक्यता दहा हजार, पण जन्मदिवस आणि महिना ठेवला की उरतात फक्त ३६६. यूपीआयची पिन तर पैसे देताना किंवा शिल्लक बघतानाच लागते. 'पैसे पाठवतोय, घ्यायला पिन टाका' म्हणणारा थेट खोटं बोलत असतो.

या सगळ्यावरचा पक्का उतारा म्हणजे पासकी. १९७६मध्ये डिफी आणि हेलमन या संशोधकांनी जोडकिल्ल्यांची कल्पना मांडली, तिचं हे घरगुती रूप. एक किल्ली वेबसाइटकडे, तिची जोडीदार तुमच्या फोनमध्ये. वेबसाइट दर वेळी नवा आकडा पाठवते, बोट टेकवलं की फोन त्यावर आपल्या किल्लीने सही करून परत धाडतो. फोनमधली किल्ली वेबसाइटकडे जातच नाही, आणि सही ठरल्या पत्त्यासाठीच होते. फोनवरून गोड बोलून ती काढून घेता येत नाही, कारण सांगण्यासारखं तुमच्यापाशी काही नसतंच. जिथे पासकीची सोय दिसेल तिथे ती घ्यावी.

आणि पैसे गेलेच तर लाजत बसू नये, लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर फिरवावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतो. वाटेत कुठे गोठवता आला तरच हाताला लागतो, त्यामुळे इथे प्रत्येक तास मोलाचा.

मामांनी पासकी घेतली, पण एका जागी ते अडून बसले: उरलेले पासवर्ड डायरीतच लिहिणार. मी वाद घातला नाही. लांबच लांब, प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड डायरीत असलेला परवडला, एकच सोपा पासवर्ड दहा ठिकाणी नको. दूर कुठेतरी बसलेल्या चोराला इथल्या कपाटातली डायरी वाचता येत नाही. त्या कपाटाला मामांनी नवं कुलूप आणलंय. किल्ली टीव्हीच्या मागे खिळ्याला लटकलेली असते, मामींना सापडावी म्हणून.