कोयनेच्या पोटात वीज कशी तयार होते: आमच्या व्हीआर (आभासी वास्तव) खेळाची माहिती

ग्रामपंचायती, शाळा, बचत गट आणि गणेश मंडळांसाठी

कोयना धरण रस्त्यावरून दिसतं. वीज तयार होते ती जागा मात्र सह्याद्रीच्या पोटात आहे आणि परवानगीशिवाय तिथे जाता येत नाही. म्हणूनच पहिल्या खेळासाठी आम्ही कोयनाच निवडली.

डोळ्यांवर हेडसेट चढवला की तुम्ही शिवाजीसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या काठावर असता. तिथून पाण्यासोबत बोगद्यात शिरायचं. एरवी कृष्णेला जाऊन मिळणारं हे पाणी पश्चिमेकडे वळतं आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहाकडे सुमारे पावणेपाचशे मीटर खाली उतरतं. पेल्टन चक्रापाशी, म्हणजे पाण्याच्या धारेनं फिरणाऱ्या वाट्यांच्या चाकापाशी, आम्ही मुद्दाम जास्त वेळ ठेवला आहे. पाण्याची धार इथे अगदी संथ करून बघता येते. चक्राची प्रत्येक वाटी जोडवाटी असते. मधल्या कडेवर धार दुभंगते, दोन्हीकडून मागे वळते आणि त्या वळण्यातून चक्राला जोर मिळतो. फळ्यावरच्या आकृतीत हे सहसा डोक्यात शिरत नाही. चक्रासमोर उभं राहिलं की शिरतं.

‘वीज काढून घेतलेल्या पाण्यात पिकासाठी कस राहतो का?’ हा प्रश्न हमखास येतो आणि तो विचारायलाच हवा. पाणी फक्त चक्र फिरवतं. वीज तयार होते शेजारच्या जनित्रात, आणि तिथे पाण्याचा थेंबही जात नाही. पाण्याची उंची आणि वेग तेवढा खर्च होतो, बाकी काहीच बदलत नाही. खेळात याच पाण्यामागे पुढे जाता येतं: ते कोळकेवाडी धरणात साठतं, अलोऱ्याच्या वीजगृहात पुन्हा वीज तयार करतं आणि मग वाशिष्ठीत जातं.

सगळे टप्पे मिळून कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट आहे. १३ मार्च १९९९ रोजी चौथ्या टप्प्यासाठी जलाशय रिकामा न करता तळाशी स्फोट करून पाणी बोगद्यात घेतलं गेलं. ते लेक टॅपिंगही खेळात आहे. धरणासाठी उठलेल्या गावांचा भागही आम्ही वगळलेला नाही. विजेची गोष्ट त्या माणसांना सोडून सांगणं आम्हाला पटत नाही.

आतली दृश्यं प्रत्यक्ष चित्रीकरण नाहीत. उपलब्ध आराखडे आणि छायाचित्रं यांवरून ती संगणकावर उभी केली आहेत.

गायरानावर सौर प्रकल्प येऊ घातलेल्या गावांसाठी दुसरा, छोटा खेळ आहे. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते. तेवढे पॅनेल तुमच्याच गायरानावर मांडलेले दिसतात, चराईची वाट कुठे अडते तेही कळतं. प्रकल्प घ्यावा की नाही, हे ग्रामसभेनं ठरवायचं. आमचा त्यात कोणताही आग्रह नसतो.

कार्यक्रमासाठी पत्र्याची शेड किंवा शाळेची खोली, खुर्च्या आणि चार्जिंगसाठी एक प्लग पुरतो. इंटरनेट लागत नाही. खेळ बसूनच बघायचा. चष्मा असला तरी चालतो. गरगरायला लागलं तर लगेच हेडसेट काढा. फिट येणाऱ्यांना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना आम्ही हेडसेट देत नाही. त्यांच्यासाठी हीच दृश्यं पडद्यावर दाखवतो. प्रत्येकानंतर हेडसेट पुसला जातो. तारीख ठरवताना खेळानंतरच्या प्रश्नांसाठी एक तास जादा धरा.