पीईजी 6000 की 8000? पेशीसंमीलनाच्या द्रावणामागील पार्श्वभूमी
पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पीईजी हा पाण्यात विरघळणारा, लांब साखळीच्या रेणूंचा पदार्थ, येण्यापूर्वी प्राण्यांच्या पेशी एकमेकींत विलीन करण्याचे काम निष्क्रिय केलेल्या सेंडाई विषाणूकडून करून घेतले जाई. 1974 मध्ये पीईजीच्या दाट द्रावणात वनस्पतींचे प्रोटोप्लास्ट, म्हणजे पेशीभित्ती काढलेल्या पेशी, एकमेकींना घट्ट चिकटतात आणि द्रावण धुऊन काढताना एकजीव होतात, असे दिसून आले. धुण्यासाठी कॅल्शियमयुक्त, अल्कधर्मी द्रव वापरल्यास संमीलनाचे प्रमाण वाढते. पुढच्याच वर्षी ही पद्धत सस्तन प्राण्यांच्या पेशींवर यशस्वी झाली. मोनोक्लोनल प्रतिपिंडांचे, म्हणजे संमीलनातून बनलेल्या एकाच पेशीच्या वंशाकडून मिळणाऱ्या एकसारख्या प्रतिपिंडांचे, श्रेय अनेकदा पीईजीला जोडले जाते. मात्र 1975 च्या मूळ प्रयोगात सेंडाई विषाणूच होता आणि पीईजीने त्याची जागा नंतर घेतली.

खरा घोळ आहे तो पीईजीच्या नावापुढच्या आकड्याचा. हा आकडा सरासरी रेणुभार दाखवतो, असे गृहीत धरले जाते. परंतु अमेरिकेत ‘6000’ म्हणून विकल्या जाणाऱ्या एका प्रचलित प्रकाराचा सरासरी रेणुभार प्रत्यक्षात 8000 च्या आसपास होता, म्हणून पुढे त्याचे नाव बदलून ‘8000’ करण्यात आले. युरोपातील ‘6000’ मात्र खरोखरच 6000 च्या जवळपास होते आणि त्याच नावाने राहिले. त्यामुळे जुन्या शोधनिबंधातील ‘6000’ म्हणजे नेमके काय, हे बाटली कोठून आली यावर ठरते. नाव सुधारणे योग्यच होते, पण जुन्या कृतींत ती दुरुस्ती कोणी केली नाही. टक्केवारीचीही तीच गत आहे: 50 ग्रॅम पीईजी घेऊन एकूण आकारमान 100 मिलिलिटर करणे आणि 50 ग्रॅम पीईजीत 50 मिलिलिटर माध्यम मिसळणे, ही दोन्ही द्रावणे ‘50 टक्के’ म्हणूनच नोंदली जातात, पण त्यांची तीव्रता सारखी नसते. चांगले संमीलन आणि पेशींचा मृत्यू यांतील अंतर इतके थोडे आहे की हा फरक प्रयोगात जाणवतो.

विषाणूंचे अवक्षेपण (द्रावणातून साका म्हणून खाली बसवणे) आणि डेक्स्ट्रान या शर्करा-बहुवारिकासोबतच्या द्विप्रावस्था प्रणालीत, म्हणजे एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन जलीय थरांत, पेशींचे विलगीकरण हे पीईजीचे उपयोग पेशीसंमीलनाहून जुने आहेत. यीस्टमध्ये डीएनए शिरवण्यासाठी पीईजी 1978 पासून वापरात आहे आणि 1983 मध्ये लिथियम क्षारांच्या जोडीने पेशीभित्ती न काढताही ते शक्य झाले. त्याच दशकाच्या सुरुवातीस बाजारातील काही पीईजी शुद्ध केल्यावर त्याची संमीलनक्षमता घटल्याचे आढळले आणि संशयाची सुई त्यात मिसळलेल्या ऑक्सिडीकरणरोधकांकडे (पदार्थ हवेतील ऑक्सिजनमुळे खराब होऊ नये म्हणून घातलेल्या रसायनांकडे) वळली. बाटलीवरच्या आकड्यात अर्थातच त्यांचा उल्लेख नसतो.