जहाजावरची पंगत: टेबल कसं धरायचं, केबिनमध्ये काय मागवायचं

(आमच्याकडून क्रूझ बुक केलेल्या नाशिककर प्रवाशांसाठी)

क्रूझचं बुकिंग पक्कं झालं की आमच्या ऑफिसात पहिला फोन येतो तो जेवणाबद्दल. "आईला कांदा-लसूण चालत नाही, तिचं काय करायचं?" "टेबल आधी धरावं लागतं म्हणे, आम्ही तर धरलंच नाही." "रूमवर चहा मागवला तर बिल लागतं का?" उत्तरं आम्ही फोनवर देतोच, पण निघायच्या गडबडीत ती डोक्यातून जातात. म्हणून हे पत्रक. पासपोर्टच्या पाकिटातच ठेवा.

जहाजावर कुणी उपाशी राहत नाही, तेवढी काळजी सोडा. सकाळच्या नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत बरंच काही भाड्यातच येतं. पण आपल्या पद्धतीचं जेवण, आपल्या वेळेला, सगळ्या घराला एका टेबलावर हवं असेल तर ते नाशिक सोडण्याआधी सांगावं लागतं. जहाज एकदा बंदरातून सुटलं की जेवढं सामान भटारखान्यात चढलं तेवढ्यावरच स्वयंपाक चालतो. आयत्या वेळी कुणी बाजारात जाऊन साबुदाणा आणू शकत नाही.

पहिली पंगत की दुसरी?

मोठ्या जहाजांवर एक मुख्य डायनिंग हॉल असतो. तिथे वेटर टेबलावर येऊन वाढतो आणि त्याचे वेगळे पैसे नसतात. या हॉलमध्ये जेवायच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत रोज तेच टेबल, तीच वेळ, तोच वेटर. आपल्याकडे लग्नात पंगती उठतात तसंच हे. पहिली पंगत साधारण साडेपाच-सहाला बसते, दुसरी आठ-साडेआठला. दुसऱ्या पद्धतीत ठरावीक वेळ नसते. हॉल उघडा असेपर्यंत कधीही जा, रिकामं टेबल मिळेल तिथे बसा. रॉयल कॅरिबियन ही क्रूझ कंपनी तिला 'माय टाइम डायनिंग' म्हणते, कार्निव्हल कंपनी 'युअर टाइम डायनिंग'. नाव वेगळं, गोष्ट तीच.

कधीही जेवायची मोकळीक ऐकायला छान वाटते, आणि दोघंच असाल तर तीच घ्या. पण सहापेक्षा जास्त माणसं असतील तर आम्ही ठाम सांगतो, ठरावीक पंगतच घ्या. एकदा आमच्या एका ग्रुपमध्ये चौदा जण होते. आजोबांची पंचाहत्तरी होती. आम्ही त्यांना मोकळी वेळ घेऊन दिली. रात्री आठला सगळे नटूनथटून हॉलच्या दाराशी गेले तर समोर भली मोठी रांग. सव्वानऊला जागा मिळाली, ती हॉलच्या दोन टोकांना दोन टेबलांवर. केक एका टेबलावर कापला गेला आणि नातवंडं दुसऱ्या टेबलावरून मान उंच करून बघत राहिली. ती चूक आमची होती. तेव्हापासून मोठ्या कुटुंबाचं टेबल आम्ही बुकिंगच्या वेळीच एकत्र जोडून मागतो. त्यासाठी सगळ्या केबिनचे बुकिंग नंबर एकमेकांशी जोडावे लागतात. काका-काकूंनी त्यांचं बुकिंग दुसरीकडून केलं असेल तर तो नंबर आम्हाला नक्की कळवा.

पहिली पंगत घेतली तर लहान मुलं आणि म्हातारी माणसं वेळेत झोपतात. थिएटरमधला नंतरचा खेळही आरामात बघता येतो. दुसरी पंगत आपल्या घरच्या वेळेशी जुळते, पण मुलं टेबलावरच पेंगतात. चौविहार पाळणाऱ्यांनी, म्हणजे सूर्यास्तानंतर काही न खाणाऱ्यांनी, डोळे झाकून पहिली पंगत घ्यावी. सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझचंच बघा. सिंगापूर विषुववृत्ताच्या जवळ आहे, त्यामुळे तिथे बाराही महिने सूर्य सातच्या आसपास मावळतो. सहाला बसलात तर जेवण निवांत आटोपतं. मात्र वेटरला पहिल्याच दिवशी सांगा की आम्हाला सगळं एकदम आणून द्या. नाहीतर सूप, मग सॅलड, मग मुख्य पदार्थ अशा चालीने जेवण दीड तास रेंगाळतं.

घड्याळाचंही बघा. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि थायलंडमधलं फुकेत सिंगापूरच्या एक तास मागे. जहाज फुकेतला लागलं की मोबाइल आपोआप तिथली वेळ दाखवतो, पण जहाजाने आपली वेळ बदललेली असेलच असं नाही. जेवणाच्या वेळा नेहमी जहाजाच्या घड्याळाप्रमाणे असतात. ज्यांचं इन्सुलिन जेवणाच्या वेळेशी बांधलेलं आहे, त्यांनी साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवावं.

'व्हेज' म्हटलं की काम झालं असं समजू नका

आपल्याकडे शुद्ध शाकाहारी म्हटलं की विषय संपतो. परदेशी जहाजावर तो तिथून सुरू होतो. तिकडच्या 'व्हेजिटेरियन' या शब्दात अंडं सहज बसतं. सूप भाज्यांचं असलं तरी त्याचं पाणी कोंबडीच्या हाडांचं असू शकतं. थाय भाजीत फिश सॉस, चिनी भाजीत ऑयस्टर सॉस पडतो. थरथरणाऱ्या गोड पदार्थांत आणि मार्शमॅलोत जिलेटीन असतं आणि ते प्राण्यांपासून बनतं. काही चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट वापरलेलं असतं. म्हणून वेटरशी बोलताना एकच वाक्य पाठ करा: "नो मीट, नो फिश, नो एग, नो जिलेटीन." जैन असाल तर पुढे जोडा: "नो ओनियन, नो गार्लिक, नो पोटॅटो, नथिंग फ्रॉम अंडर द ग्राउंड." आम्ही हे इंग्रजीत छापलेलं छोटं कार्ड तुमच्या कागदपत्रांसोबत देतो. हॉलमध्ये शिरतानाच ते वेटरच्या हातात द्या.

मुंबईहून सुटणाऱ्या, कॉर्डेलिया कंपनीच्या 'एम्प्रेस' जहाजावर ही अडचण फारशी येत नाही. जहाज 1990 सालचं, तेव्हा ते 'नॉर्डिक एम्प्रेस' होतं. 2021 पासून ते भारतीय प्रवाशांना घेऊन फिरतं आणि जैन जेवण तिथे मिळतं. सिंगापूरहून सुटणाऱ्या 'गेंटिंग ड्रीम'वरही भारतीय शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय आहे, म्हणून पहिल्यांदा परदेशी क्रूझवर जाणाऱ्या जैन कुटुंबांना आम्ही बहुधा तेच सुचवतो. युरोप किंवा अमेरिकेच्या बाजूला जाणार असाल तर जेवणाची खास मागणी कंपनीकडे निघण्याच्या बरीच आधी नोंदवावी लागते. आम्ही नव्वद दिवस आधी मागतो. उशीर झाला तरी विचारून बघतो, पण मग शब्द देता येत नाही.

नोंद झाली तरी पहिल्या रात्री हेड वेटरला स्वतः भेटा. उद्या रात्री काय हवं ते आज रात्री सांगायचं, ही जहाजावरची रीत आहे. बऱ्याच जहाजांवर स्वयंपाकघरात आणि हॉलमध्ये गोव्याची, मुंबईची, कोकणातली मुलं काम करतात. आमच्या एका ग्रुपमधल्या आजींनी तिसऱ्या दिवशी काट्याचमच्याला कंटाळून नुसतंच "बाळा, वरणभात मिळेल का रे?" असं मराठीतून विचारलं. वेटर रत्नागिरीचा निघाला. पुढच्या रात्री झाकण घातलेल्या बाउलमध्ये पिवळं वरण, मऊ भात, वर लिंबाची फोड आणि तुपाऐवजी वितळलेलं लोणी असं ताट आलं. आजींनी काटा-चमचा बाजूला ठेवला आणि हाताने जेवल्या. तुम्हीही खुशाल हाताने जेवा, कुणी काही म्हणत नाही.

एकादशी, चतुर्थी मध्ये येत असेल तर तारीख आम्हाला सांगा. फळं, दही, दूध, सुकामेवा जहाजावर भरपूर असतो, पण उपासाचं तिखटमीठ काही मिळायचं नाही. बटाट्याचा चिवडा, राजगिऱ्याची वडी असं सोबत घ्या. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र 'आवडत नाही' म्हणू नका, 'अ‍ॅलर्जी' हाच शब्द वापरा. त्या शब्दावर तुमचं ताट वेगळं शिजतं.

पैसे देऊन जेवायची हॉटेलं

मुख्य हॉल आणि बुफे सोडून जहाजावर इटालियन, जपानी, स्टेकहाउस अशी छोटी हॉटेलं असतात. त्यांचं बिल वेगळं आणि टेबल आधी धरावंच लागतं. आमचं मत विचाराल तर दोन-तीन रात्रींच्या सफरीत त्यावर पैसे घालवू नका. लग्नाचा वाढदिवस असेल तर एक रात्र जरूर घ्या, आणि कंपनीच्या अ‍ॅपवरून निघण्याआधीच घ्या. बहुतेक वेळा तिथे दर कमी पडतो आणि संध्याकाळी सात-आठची वेळ शिल्लक असते. चढल्यावर टेबल धरायचं असेल तर पहिल्या दुपारीच त्या हॉटेलच्या दाराशी जा. जायचं रद्द झालं तर साधारण चोवीस तास आधी कळवा, नाहीतर पैसे कापले जातात.

शाकाहारी मंडळींनी धरण्याआधी मेनू वाचावा. स्टेकहाउसमध्ये तुमच्या वाट्याला उकडलेला बटाटा आणि शतावरी येईल. तेपन्याकीत आचारी समोरच्या तव्यावर गंमत करत शिजवतो, मुलांना ते फार आवडतं. पण तवा एकच असतो, कोळंबी आणि तुमची भाजी शेजारी शेजारी परततात. चालत असेल तरच जा. इटालियनमध्ये आपलं निभतं.

औपचारिक रात्र, म्हणजे सगळ्यांनी नटूनथटून जेवायला जायची रात्र, असेल तर कोट नसल्याची चिंता नको. येवल्याची पैठणी नेसून हॉलमध्ये गेलात तर दुसऱ्या कुठल्या पोशाखाची गरजच नाही. पुरुषांना कुर्ता-जाकीट चालतं. हाफ पँट मात्र चालत नाही.

केबिनमध्ये मागवताना

रूम सर्व्हिस फुकट की विकत, हे जहाजागणिक बदलतं. केबिनमधल्या मेनूवर ते छापलेलं असतं, फोन उचलण्याआधी वाचा. उदाहरण देतो. रॉयल कॅरिबियनने 2017 मध्ये प्रत्येक ऑर्डरवर 7.95 डॉलर आकारायला सुरुवात केली, वर 18 टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे साधारण 9.38 डॉलर. सकाळचा साधा नाश्ता त्यातून वगळला. नीट बघा, पैसे ऑर्डरमागे होते, पदार्थामागे नाही. असा नियम असेल तिथे एकाने सँडविच आणि अर्ध्या तासाने दुसऱ्याने सूप मागवलं की दोनदा पैसे जातात. सगळ्यांचं विचारून एकदाच मागवा. आणि चहासाठी फोन करूच नका, बुफेच्या मजल्यावर चहा-कॉफी सहसा मिळतेच.

साध्या नाश्त्यासाठी एक लांबट जाड कागदाचं कार्ड केबिनमध्ये ठेवलेलं असतं. वरच्या टोकाला दाराच्या मुठीत अडकवायला गोल खाच, खाली केबिन नंबर, माणसं किती, नाश्ता किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत आणायचा, आणि मग ब्रेड, फळं, दूध, कॉफी यांचे रकाने. इथे बरीच मंडळी फसतात. रकान्यात बरोबरची खूण केली की एक कप येतो. चार कप हवेत तर तिथे 4 लिहा. चहात घालायला गरम दूध हवं असेल तर खालच्या मोकळ्या ओळीत 'हॉट मिल्क' लिहा, नाहीतर थंड दुधाची पुडी येते. कार्ड रात्री बाहेरच्या बाजूला अडकवायचं, ठरावीक वेळेनंतर ते गोळा केलं जातं. मधल्या बंदरावर फिरायला उतरायच्या दिवशी हा नाश्ता सोन्यासारखा, कारण त्या सकाळी बुफेत पाय ठेवायला जागा नसते.

घरून काय नेता येतं? कंपनीने सीलबंद केलेला चिवडा, खाकरा, चहाचं प्रीमिक्स सहसा चालतं. घरी केलेल्या पुऱ्या, पोळ्या, लोणच्याची बरणी चढताना काढून घेतात. कापडी पिशवीत द्राक्षं नेऊ नका, नाशिकची असली तरी. इलेक्ट्रिक किटली, पाणी तापवायची कॉइल, इस्त्री यांना सक्त मनाई असते, कारण जहाजावर आगीइतकी दुसऱ्या कशाची धास्ती नसते. बुफेतलं फळ पर्समध्ये टाकून परदेशी बंदरावर उतरू नका. बऱ्याच देशांत त्यावर दंड आहे.

बुफेत शिरताना बेसिन दिसलं की साबणाने हात धुवा, नुसता सॅनिटायझर चोळू नका. जहाजावर उलट्या-जुलाब पसरवणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही.

पहिला आणि शेवटचा दिवस

मुंबईहून चढणाऱ्यांनी कसाऱ्याच्या घाटातल्या ट्रॅफिकचा हिशोब धरून पहाटेच निघावं. जहाजावर शिरलात की केबिन तयार व्हायला वेळ असतो, तेव्हा आधी बुफेत जेवून घ्या. औषधं, मुलांचं दुधाचं पावडर आणि एक जोडी कपडे हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगा संध्याकाळपर्यंत येतात.

सफर संपवून उतरायच्या सकाळी रूम सर्व्हिस बहुधा बंद असते आणि नाश्ता लवकर संपतो. जहाजावर रोख चालत नाही, सगळा खर्च जहाजाने दिलेल्या तुमच्या कार्डावर चढत जातो. आदल्या रात्रीच टीव्हीवर किंवा अ‍ॅपवर बिल उघडून ओळ न् ओळ वाचा. न घेतलेलं काही दिसलं तर लगेच रिसेप्शनला जा. सकाळी त्याच खिडकीसमोर अर्धं जहाज उभं असतं.