‘सर्ज’ : चढ कशाच्या वर, आणि किती वेळ?

जुन्या मराठी लिखाणात ‘सर्जचा कोट’ भेटतो. तो सर्ज म्हणजे लोकरी कापड. इंग्रजीत त्याचा शब्दच निराळा. विजेच्या बोर्डातला ‘सर्ज प्रोटेक्टर’, चक्रीवादळाच्या इशाऱ्यातला ‘स्टॉर्म सर्ज’, म्हणजे वादळाने किनाऱ्यावर चढवलेले पाणी, आणि टॅक्सीच्या ॲपवरचे ‘सर्ज प्रायसिंग’ यांतला सर्ज लॅटिन ‘सुर्गेरे’ म्हणजे उठणे, वर येणे, या क्रियापदाचा वंशज. ‘सोर्स’ आणि ‘इन्सर्जंट’ हे त्याचे भाऊबंद. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला, आधी झऱ्यासाठी आणि मग समुद्राच्या फुगत्या लाटेसाठी. खलाशांच्या बोलीत त्याचा जवळजवळ उलटा अर्थही आहे. कॅप्स्टनला, म्हणजे जहाजावरच्या दोर ओढायच्या उभ्या रहाटाला, गुंडाळलेला ताणलेला दोर सैल सोडून घसरू देणे, म्हणजे दोर ‘सर्ज’ करणे.

जलविद्युत केंद्रात तो आला पाण्याबरोबरच. टर्बाइनची झडप झटकन मिटली तरी बोगद्यातून येणारे पाणी थांबायला तयार नसते, आणि दाबाची लाट मागे फिरते. तिला चढायला जागा हवी म्हणून बोगदा जिथे संपतो तिथे उभी विहीर खोदतात. कोयनेच्या मराठीत ती ‘उल्लोळ विहीर’. उल्लोळ म्हणजे मोठी लाट. शब्द नेमका आहे, पण पाण्याबाहेर तो रुळला नाही.

विजेच्या लोकांनी सर्ज उचलला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, आणि तेव्हा उपमा तंतोतंत होती. लांब तारांवर वीज कोसळली की व्होल्टेजची लाट दोन्ही बाजूंना धावते. तारेचे टोक उघडे असेल तर तिथे आपटून ती दुप्पट होते. सगळा खेळ मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांत, आटोपतो. म्हणून प्रयोगशाळेतली प्रमाण व्होल्टेज लाट १.२/५० अशी लिहितात : १.२ मायक्रोसेकंदांत चढ, ५० व्या मायक्रोसेकंदाला निम्मी उतरलेली. प्रवाहाची लाट ८/२०. आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेचे एक आवर्तन २०,००० मायक्रोसेकंदांचे असते, हे शेजारी ठेवून पाहिले की सर्ज किती अल्पायुषी आहे ते कळते.

घोळ सुरू झाला तो संगणक कार्यालयांत आल्यावर. १९७० आणि ८० च्या दशकांत मशीन का बंद पडते हे शोधण्यासाठी लोकांनी पुरवठ्यावर नोंदयंत्रे लावली. मोठी मोटर बंद झाली, दुसऱ्या फेजवर दोष आला, की २३० चे २६०-२७० व्होल्ट होऊन काही आवर्तने तसेच राहत. यालाही ते ‘सर्ज’ म्हणू लागले. शब्द एक, पण काळात हजारपटींचा फरक. तडितरोधक बनवणारे म्हणत, हा शब्द आमचा, अर्धशतकाहून जुना. संगणकवाले म्हणत, गिऱ्हाईक आणि आमची माहितीपुस्तके दोघांना आमचाच अर्थ कळतो.

वीज-गुणवत्तेच्या अमेरिकी प्रमाणपद्धतीने १९९५ मध्ये तोडगा काढला तो शब्द बाजूला ठेवून. अर्ध्या आवर्तनापासून एक मिनिटापर्यंत, साधारण १.१ ते १.८ पट चढलेले व्होल्टेज म्हणजे ‘स्वेल’. मिनिटाच्या पुढे गेले तर ‘ओव्हरव्होल्टेज’. मायक्रोसेकंदांचे ते ‘ट्रान्झियंट’. गंमत अशी की तिथल्याच उपकरण-सुरक्षेच्या प्रमाणपद्धतीने पुढे उलट दिशा धरली. ‘ट्रान्झियंट व्होल्टेज सर्ज सप्रेसर’ हे लांबलचक नाव २००९ मध्ये गेले आणि ‘सर्ज प्रोटेक्टिव्ह डिव्हाइस’, म्हणजे एसपीडी, आले. एका दालनाने टाकलेला शब्द दुसऱ्याने पाटीवर चढवला. व्याख्या म्हणून १९९५ चा निर्णय योग्यच होता, पण ‘स्वेल’ हा शब्द दुकानातल्या एकाही खोक्यावर पोचला नाही. तो अभियंत्यांपुरता राहिला, आणि घरात टीव्ही जळला की दोष अजूनही ‘सर्ज’वर जातो.

आपल्याकडे तो टीव्ही जळण्यामागे बऱ्याचदा तुटलेला किंवा सैल न्यूट्रल, म्हणजे प्रवाहाची परतीची तार, असते. डीपीपासून येणारा न्यूट्रल सुटला की दोन फेजवरची घरे ४०० व्होल्टवर एकापुढे एक जोडल्यासारखी होतात. ज्या घरात कमी उपकरणे चालू, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज : ३००, ३५०, कधी त्याहून वर. ही अवस्था वायरमन येईपर्यंत टिकते. सर्ज प्रोटेक्टर इथे उपयोगी तर नाहीच, तोच आधी जळतो. त्यातली चकती, मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर (व्होल्टेज ठरावीक मर्यादेवर गेले की प्रवाह वाहू देणारा भाग), बहुधा ‘२०डी४३१के’ अशा खुणेची असते : २० मिलिमीटर व्यास, ४३ वर एक शून्य म्हणजे ४३० व्होल्टला एक मिलिॲम्पिअर प्रवाह, ‘के’ म्हणजे दहा टक्के मागेपुढे. सतत सोसायची मर्यादा २७५ व्होल्ट. २३० व्होल्टच्या लाटेचा माथा ३२५ ला असतो, तोवर चकती स्वस्थ असते. ३५० व्होल्टचा माथा ४९५ ला जातो. मग ती प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला वाहू लागते, तापते, तापली की आणखी वाहते. चांगल्या एसपीडीत शेजारचा थर्मल फ्यूज तिला तोडतो आणि हिरवी खिडकी लाल होते. स्वस्त मालात प्लास्टिक वितळते.

या दुखण्यावर औषध वेगळे : २७०-२८० व्होल्टला पुरवठा तोडणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज कटआउट. थोड्या चढउतारासाठी स्टॅबिलायझर. तो रिलेवर चालतो, त्याला मिलिसेकंद लागतात. खरा सर्ज तेवढ्यात येऊन गेलेला असतो. ‘स्पाइक गार्ड’ नावाने विकल्या जाणाऱ्या पट्ट्यांपैकी कित्येकींत चकतीच नसते, फक्त स्विच, फ्यूज आणि दिवा. खोक्यावर ज्यूलचा, म्हणजे चकती किती ऊर्जा सोसते याचा, आकडा नसेल तर ती एक्स्टेन्शन बोर्ड समजूनच घ्यावी.

आणि खऱ्या सर्जसाठीचा एसपीडीही वायरिंगमुळे वाया जातो. तारेच्या प्रत्येक मीटरला सुमारे एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या झटपट बदलाला विरोध, असतो. १० किलोॲम्पिअरची ८/२० लाट चढताना त्या एका मीटरवरच हजाराहून जास्त व्होल्ट उभे राहतात, आणि ते चकतीच्या व्होल्टेजमध्ये मिळून उपकरणावर जातात. घरगुती उपकरण साधारण २५०० व्होल्टचा धक्का सोसेल असे धरलेले असते. म्हणून फेजपासून एसपीडी आणि तिथून आर्थ पट्टीपर्यंतची तार मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवतात. बोर्डाच्या कोपऱ्यात एसपीडी बसवून हिरवी तार नीटनेटकी वळसे घालून नेली, की काम दिसायला छान आणि उपयोगाला शून्य.

हवामानातही असाच एक वादग्रस्त निर्णय झाला. अमेरिकेत चक्रीवादळांच्या पाच श्रेणींबरोबर स्टॉर्म सर्जची उंचीही छापत. २००५ मध्ये कत्रिना तिसऱ्या श्रेणीत किनाऱ्याला लागले आणि मिसिसिपीच्या किनाऱ्यावर आठ मीटरहून जास्त पाणी चढवून गेले. श्रेणी वाऱ्याची, पाणी मात्र वादळाचा घेर आणि किनाऱ्याचा उथळपणा यांवर ठरते. २०१० पासून ते आकडे श्रेणीतून काढले आणि २०१७ पासून सर्जचा इशारा स्वतंत्र झाला. आपल्याकडे ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’च्या आधी रायगड-मुंबईसाठी ‘खगोलीय भरतीच्या’, म्हणजे चंद्र-सूर्यामुळे येणाऱ्या नेहमीच्या भरतीच्या, ‘वर एक ते दोन मीटर’ असा इशारा होता. त्यातले ‘भरतीच्या वर’ हे शब्द मोलाचे. ओहोटीला आलेला दीड मीटरचा सर्ज उधाणाच्या भरतीच्या खुणेलाही पोचत नाही. स्टॉर्म सर्जला ‘उधाण’ म्हणणे त्यामुळे घातकच. कोळ्यांचे उधाण अमावास्या-पौर्णिमेचे, दिनदर्शिकेत आधीच ठाऊक असलेले.

राजकारणात हा शब्द गाजला १० जानेवारी २००७ नंतर. इराकमध्ये वीस हजारांहून जास्त जादा अमेरिकी सैनिक पाठवण्याची घोषणा झाली. समर्थक ‘सर्ज’ म्हणाले, विरोधक ‘एस्कलेशन’, म्हणजे युद्ध वाढवत नेणे. पहिल्यात परत येण्याचे आश्वासन आहे, दुसऱ्यात व्हिएतनामची आठवण. जादा तुकड्या २००८ च्या जुलैपर्यंत परतल्या, म्हणजे निदान मुदतीच्या बाबतीत तरी शब्द खोटा ठरला नाही.

भाड्यांचे तसे नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये राजधानी, शताब्दी, दुरांतो गाड्यांवर दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडे दहा टक्क्यांनी चढू लागले, दीडपटीपर्यंत. वृत्तपत्रांनी त्याला सर्ज म्हटले, रेल्वेने ‘फ्लेक्सी फेअर’. पण तिथला आकडा चढायचाच, उतरायचा नाही; म्हणून सर्ज हे नाव त्याला शोभत नव्हते. टॅक्सीच्या ॲपवर चढ निदान ओसरतो. तिथे भांडण ‘कशाच्या वर’ यावर आहे. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी कमाल मर्यादा मूळ भाड्याच्या दीडपट ठेवली, २०२५ मध्ये ती दुप्पट झाली. मूळ भाडे ठरवायचे राज्याने, आणि ते जिथे ठरलेलेच नसते तिथे दुप्पट कशाची, हे प्रवाशाला मोजता येत नाही.